एका खोलीतली हवा

त्रिशला मगदूम सांगलीला परत आली ती तीन आठवड्यांसाठी. तसं तिने पिंपळगावच्या द्राक्षकलमांच्या नर्सरीत, जिथे ती कामाला होती, लेखी दिलं होतं, निपाणीला आईला फोनवर सांगितलं होतं आणि बॅगेत कपडेही तेवढेच भरले होते.

सन्मती कागदोपत्री अजून तिचा नवरा होता. दोघांच्या संमतीने केलेला घटस्फोटाचा अर्ज कोर्टात पुढच्या तारखेची वाट बघत पडला होता. जूनमध्ये ती सांगलीच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटमधून बाहेर पडली तेव्हा कोणी आरडाओरडा केला नव्हता. त्या घरात आरडाओरडा कधीच होत नसे. सन्मतीने आठ वर्षांत तिच्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्याला एखादी गोष्ट पटली नाही की तो बोलणं थांबवायचा. मीठ हवं असलं तर उठून स्वतः घ्यायचा. दारावरची बेल वाजली तर दोघांपैकी कोण उठणार याची वाट बघत बसायचा. द्राक्षकलमांच्या प्रशिक्षणाला तिने त्याला न विचारता नाव दिलं तेव्हा तो एकोणपन्नास दिवस बोलला नव्हता. ते दिवस तिने मोजले होते. पन्नासाव्या दिवशी तो म्हणाला, "पाऊस येईलसं वाटतंय." त्या दिवशी तिने ठरवलं की आपण इथे राहायचं नाही.

ती गेली आणि ऑक्टोबरात सन्मतीच्या नाकातून रक्त यायला लागलं. मग खोकल्यातून. नोव्हेंबरात मूत्रपिंडं निम्म्यावर आली. लग्नाआधी, सत्ताविसाव्या वर्षी त्याला हाच आजार झाला होता. नाकाचं ऑपरेशन झालं होतं, वर्षभर कडक औषधं चालली होती आणि मग तो बरा झाला होता. आजार कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते.

डिसेंबरात मिरजेच्या इस्पितळातून डॉक्टर नेसरीकरांचा फोन आला. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या बाई. त्यांनी त्रिशलाला मिरजेला बोलावून तिच्या नाकातला नमुना तपासला आणि मग समोर बसवून सगळं सांगितलं.

रक्तवाहिनीदाह म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींनी आपल्याच रक्तवाहिन्यांवर केलेला हल्ला. वाहिन्यांच्या भिंती सुजतात, कुठे बुजतात, कुठे फुटतात, आणि त्या ज्या अवयवाला रक्त पुरवतात तो अवयव उपाशी राहतो. सन्मतीला होता त्या प्रकारात आधी नाक जातं, मग फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. हा हल्ला सुरू कशाने होतो हे कितीतरी वर्षं कोडं होतं. काही रुग्णांच्या नाकात एका जातीचे जिवाणू ठाण मांडून असतात आणि अशांचा आजार पुन्हा पुन्हा उलटतो, एवढं डॉक्टरांच्या लक्षात आलेलं होतं. जिवाणू गुन्हेगार की नुसता बघ्या, हे ठरत नव्हतं. अलीकडच्या चार वर्षांत ते ठरलं होतं, निदान सन्मतीसारख्या रुग्णांपुरतं. त्या जिवाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आपल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका प्रथिनासारखं दिसतं. शरीर चोराच्या मागे धावतं आणि घरच्याच माणसाला पकडतं.

"मलम लावलं की जिवाणू जातो," नेसरीकर म्हणाल्या, "आणि महिन्याभरात परत येतो. मागच्या वेळची औषधं पुन्हा द्यावीत तर त्यांची फुप्फुसं आता ती सोसणार नाहीत. मी एकच गोष्ट शोधत होते, की मधली आठ वर्षं ते कुठल्या औषधाने बरे राहिले. औषध नव्हतंच. तुम्ही होतात."

त्रिशलाच्या नाकात दुसराच एक जिवाणू होता. निरुपद्रवी, दहा माणसांत एखाद्याच्याच नाकात तो सापडतो. तो एक द्रव्य सोडतो आणि त्या पहिल्या जिवाणूला आसपास फिरकू देत नाही. इस्पितळात सगळे त्याला राखणदार म्हणत.

"मग तो कुपीत भरून द्या की त्याला," त्रिशला म्हणाली.

"करून बघितलं. प्रयोगशाळेत वाढवलेला राखणदार लाडावतो. आयतं खायला मिळतं, शत्रू कोणी नसतो, तो ते द्रव्य बनवायचंच सोडून देतो. आणि ऑपरेशनमुळे तुमच्या यजमानांच्या नाकातलं अस्तर खरवडलेलं आहे. तिथे काही मूळ धरत नाही. रोज नवे पोचत राहायला हवेत. एकाच हवेतून."

"रोज म्हणजे किती वेळ?"

"आठ तास. खिडक्या लावून." मग त्या म्हणाल्या, "तीन आठवड्यांत ते सावरले तर आम्ही थेट तुमच्याकडून घेऊन पुन्हा रोपण करून बघू."

जाणारं माणूस डोळ्यांसमोर जाऊ देणं त्रिशलाला जमणारं नव्हतं. ती हो म्हणाली.

पहिलं रोपण जानेवारीत झालं. ते नऊ दिवस टिकलं. दुसरं अकरा दिवस. तिसऱ्या वेळी नेसरीकर तिच्याशी बोलताना टेबलावरच्या फायलीकडेच बघत होत्या. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले, मग वर्ष झालं. पिंपळगावला तिच्या जागी दुसरी बाई लागली.

झोपायच्या खोलीत दोन खाटा भिंतींना लावल्या होत्या आणि मध्ये सन्मतीचं टेबल होतं. तो इमारतींचे आराखडे तपासायचा. ते काम घरातूनच चाले. खिडक्यांच्या फटींना रबरी पट्ट्या लावलेल्या. मे महिन्यात खोलीतली हवा इतकी जड व्हायची की बोललेला शब्दही तिथेच लोंबकळत राहिल्यासारखा वाटे. सकाळी उठल्यावर सन्मती पेनाएवढी एक कांडी नाकात धरायचा. नाकात राखणदार किती टिकलाय त्याचा आकडा कांडीवर उमटायचा, शंभरापैकी. तीसच्या खाली धोका. तो आकडा इस्पितळात जायचा आणि कुटुंबातल्या सात जणांच्या फोनवरही. त्रिशला रात्री नीट झोपली होती का, सकाळी फिरायला किती वेळ गेली होती, हे सगळं जयसिंगपूरला, पुण्याला आणि कुरुंदवाडला चहाच्या आधी समजायचं.

मामेबहिणीच्या लग्नाला ती चार दिवस निपाणीला गेली. दुसऱ्या दिवशी हळदीच्या मांडवात फोन वाजला. सन्मतीचा मोठा भाऊ अभिनंदन. त्याला ती दादा म्हणे.

"त्रिशला, आकडा अडतीसवर आलाय."

"उद्या लग्न आहे, दादा."

"व्हय, ते आहेच. मी काही ये म्हणत नाही. नुसतं कानावर घातलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी अडतीसचे एकतीस झाले होते अशी बातमी मांडवातल्या बायकांनाही कळली होती. आईनेच तिची बॅग भरून दिली. अक्षता पडायच्या आत त्रिशला बसमध्ये होती.

सन्मती आता बोलायचा. हीच गोष्ट तिला सर्वांत जड गेली. चहा करू का, तुला पंखा हवाय का, आज भाजी कोणती आणू. एकदा तिने मुद्दाम सांगितलं, "मी आज वकिलांना फोन केला होता. अर्ज मागे घेतलेला नाही." पूर्वी याला महिनाभराचा अबोला ठरलेला. सन्मती उठला, न्हाणीघरात गेला, नळ सोडल्याचा आवाज आला. पाच मिनिटांनी बाहेर येऊन तो म्हणाला, "बरं. जेवायला काय करायचं?" त्याला रुसणं परवडत नव्हतं. तो बदललाय की घाबरलाय हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि बहुधा त्यालाही.

दरम्यान बाहेर या गोष्टीचा गवगवा झाला. इतर शहरांतही असे रुग्ण सापडले, असे राखणदार सापडले. विवाहमंडळांच्या यादीत उंची आणि शिक्षणाच्या खाली 'राखणदार: आहे' असा रकाना आला. त्रिशलाला दोन वर्तमानपत्रांतून मुलाखतीसाठी फोन आले. एका बातमीदार बाईने विचारलं, "तुमच्या श्वासावर कोणीतरी जगतंय, ही भावना कशी असते?" त्रिशलाने फोन ठेवला. खिडकीची पट्टी एका कोपऱ्यातून सुटली होती, ती तिने अंगठ्याने दाबून बसवली.

चौदाव्या महिन्यात, फेब्रुवारीत, तिची दाढ सुजली. गाल इतका वर आला की डोळा अर्धा मिटला. दंतवैद्याने चीर देऊन पू काढला, दाढ आतून साफ केली आणि प्रतिजैविक गोळ्यांची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी घेऊन ती घरी पोचायच्या आत दादाचा फोन आला. सन्मतीने कळवलं असणार.

"त्या गोळ्यांनी नाकातलं पण मरतं म्हणतात," दादा म्हणाला. "दुसरं काही बघता येईल का? लवंगेचं तेल वगैरे?"

त्रिशला दुसऱ्या दिवशी मिरजेला गेली. गाल रुमालाने धरून नेसरीकरांसमोर बसली.

"मी गोळ्या घेतल्या तर त्याचं काय होईल, तेवढं सांगा."

"तुमचा राखणदार जाईल. परत येईल याची खात्री नाही," नेसरीकर म्हणाल्या. "पण तुम्ही दुखणं अंगावर काढू नका. त्यांच्या दादांचा पर्याय आहेच की. तुम्ही सगळ्यांनी तो मागे ठेवायचं ठरवलं, ते मी समजू शकते, पण आता..."

"कुठला पर्याय?"

नेसरीकरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"जुलैमध्ये आम्ही घरातल्या सगळ्यांचे नमुने घेतले होते. अभिनंदन मगदूमांच्या नाकात राखणदार नाही, पण तो तिथे रुजू शकतो. अस्तर अगदी योग्य आहे. तुमच्या सहवासात तीन आठवडे राहिले तर तेही तुमच्यासारखेच होतील. रिपोर्ट मी दोघा भावांच्या हातात दिला होता. घरात बोलून ठरवतो म्हणाले." त्यांचा आवाज आणखी खाली गेला. "मी तुम्हाला स्वतः फोन करायला हवा होता."

सांगलीला परत येताना रिक्षात त्रिशलाने दुखऱ्या गालावरचा रुमाल काढून टाकला. वारा लागून दाढ ठणकत होती, तरी तिने तोंड वाऱ्याकडेच ठेवलं.

सन्मती टेबलाशी होता. ती दारातच उभी राहिली.

"दादांचा रिपोर्ट जुलैत आला."

त्याने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "हो."

"सात महिने झाले. मला का नाही सांगितलं?"

तो गप्प बसेल असं तिला वाटलं. पण तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"गेले असते."

"म्हणून." मग घाईघाईने तो बोलत सुटला, "दादाचं दुकान आहे, त्रिशला. दोन मुली शिकतायत. त्याचं सगळं तिथे बसलेलं आहे, त्याला कसं म्हणणार की..."

"आणि माझं काय होतं?"

"तुझी नर्सरी होती," तो म्हणाला. "मला माहीत होतं ते."

त्याने थाप मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. थापेवर ओरडता तरी आलं असतं.

"उद्या दादांकडे जायचं," ती म्हणाली. "तूही चल. आठ तास गाडीत आणि तिथे मिळून होतील."

जयसिंगपूरला दादाचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं आणि मागे घर. दुपारी तो जेवायला बसलेला होता. त्याची बायको स्नेहल वाढत होती. त्रिशलाने उभ्या उभ्याच सांगितलं, की रिपोर्ट कळला, आणि आता पुढचं ठरवायला आलोय.

"कसला रिपोर्ट?" स्नेहलने विचारलं.

दादाने ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. सन्मती भिंतीकडे बघत होता. स्नेहलला सगळं त्रिशलानेच सांगितलं, नेसरीकरांनी सांगितलं होतं तसं. ऐकता ऐकता स्नेहलने आमटीचं भांडं खाली ठेवलं.

"माझ्या घरात माझ्या नवऱ्याचा रिपोर्ट सात महिने हाय आणि मला ठाऊक न्हाई?"

"तू लगेच म्हणाली असतीस, आणू या त्याला इथे," दादा म्हणाला. "मग सगळ्या घराचं तसं झालं असतं. खिडक्या लावून बसायचं, कुठे जायचं न्हाई, यायचं न्हाई."

"आणि हिचं झालं ते?"

बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

"मी लगेच हो म्हणाले असते असं पण न्हाई," स्नेहल म्हणाली. "भांडले असते. पण भांडायला तरी मिळालं असतं." मग ती त्रिशलाकडे वळली. "गाल काय झालाय गं हा? बस आधी."

त्रिशला बसली. तिने आपलं म्हणणं मांडलं. ती तीन आठवडे इथे राहील, गोळ्या न घेता. दादांच्या नाकात राखणदार रुजला की सन्मतीने इथेच राहायचं. आणि त्याच दिवशी ती गोळ्या सुरू करेल. "त्यानंतर माझ्याकडे काही उरणार नाही. मला बोलावून उपयोग होणार नाही."

"तीन आठवडे हे असं सोसणार?" दादाने विचारलं. त्याला खरोखरच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"हे मी ठरवलंय, दादा. ते वेगळं असतं."

मधल्या खोलीत गाद्या पडल्या. एका बाजूला दादा, दुसऱ्या बाजूला सन्मती, मध्ये त्रिशला आणि स्नेहल. मुली पलीकडच्या खोलीत. पू दोनदा भरला, दोनदा काढावा लागला. वेदनाशामक गोळ्यांनी दुपारपर्यंत भागायचं. भाकरी चावता येईना म्हणून स्नेहल तिला ताकात कालवून द्यायची आणि दादाला, तिच्या देखतच, रोज एकदा तरी रिपोर्टवरून बोलायची. बाराव्या दिवशी दादाच्या नाकात राखणदाराचा पहिला माग लागला. एकविसाव्या दिवशी नेसरीकरांनी मूळ धरलं असं सांगितलं.

आणि त्या थोडं अडखळून म्हणाल्या, "आमच्या यादीत अडतीस रुग्ण आहेत, त्रिशलाताई. गोळ्या घेऊ नका असं मी म्हणणार नाही. म्हणता येतच नाही. फक्त तुम्हाला हे माहीत असावं."

"आता मला माहीत आहे," त्रिशला म्हणाली.

तिने स्नेहलकडून पाणी मागून घेतलं आणि पहिली गोळी घेतली. दाढ बरी झाली असती तरी आपण ती घेतली असती, हे तिला कळत होतं. त्याबद्दल तिने स्वतःला माफही केलं नाही आणि दोषही दिला नाही. पाच दिवसांनी सूज उतरली. आठव्या दिवशी तिने कांडी स्वतःच्या नाकात धरली. शून्य. ती न्हाणीघरात जाऊन रडली, कशासाठी ते तिला नीट सांगता आलं नसतं.

मार्चअखेर ती पिंपळगावला गेली. जुनी जागा भरली होती. तिला कलम बांधणाऱ्या बायकांवर देखरेखीचं काम मिळालं. जूनच्या तारखेला घटस्फोट झाला. सन्मती जयसिंगपूरहून दादाबरोबर आला होता, चेहरा भरलेला. कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याने विचारलं, "दाढ कशी आहे?" ती म्हणाली, "काढून टाकली." मग दोघांनाही काही सुचलं नाही. पण तो अबोला नव्हता.

सप्टेंबरात नर्सरीत कलमांची गर्दी होती. जंगली वेलाचा खुंट चिरायचा, गोड जातीची काडी पाचरीसारखी आत बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची. सकाळी अकराच्या सुमाराला दादाचा फोन आला. त्रिशलाने चाकू हातात तसाच धरून तो उचलला. सन्मतीचा आकडा तिने केव्हाच फोनवरून काढून टाकला होता.

"सन्मती बरा आहे," दादाने आधी तेच सांगितलं. "वेगळंच आहे. नेसरीकर बाईंचा फोन होता. इस्लामपूरची एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. तिला पण तेच झालंय. तिच्या आईला आमच्याकडे पाठवतो म्हणतात. आईच्या नाकात रुजेल, मग त्या जातील. पंधरा दिवस म्हणतात." मग तो म्हणाला, "यादी मोठी आहे म्हणे. आज एक, उद्या दुसरं. मी काय सांगू त्यांना?"

त्रिशलाने हातातला चाकू पुसून बाजूला ठेवला.

"तुम्हाला विचारतायत, दादा. नाही म्हणता येतं."

"ते खरं. पण अकरा वर्षांची पोर आहे." पलीकडे दुकानात कोणीतरी पाइप कापत होतं, त्याचा आवाज येत होता. "तू काय म्हणाली असतीस?"

अडतीस जणांची ती यादी त्रिशलाने कधी पाहिली नव्हती, पण गेले सहा महिने तिला ती पाठ असल्यासारखी वाटत होती. आता त्यातलं एक वय तिला कळलं होतं.

"स्नेहलताईंना विचारलंत?"

"अजून न्हाई. म्हटलं, आधी आपण बोलू, मग..."

"फोन त्यांच्याकडे द्या."

"आता?"

"आता."

चपलांचा आवाज, दाराचा आवाज, मग भांड्यांचा. मग स्नेहल. "काय गं, कामावर न्हाईस का? काय विचारायचंय म्हणतायत हे?"

त्रिशला कलमांच्या रांगेतून बाजूला झाली, सावलीत एका उलट्या क्रेटवर बसली आणि तिने पहिल्यापासून सांगायला घेतलं. मुलीचं वय सांगितलं, आजार सांगितला, यादीत आणखी किती जण आहेत ते सांगितलं. आणि पंधरा दिवस म्हणजे खरे किती दिवस होतात, तेही सांगितलं.